कागदाचे नाव घेऊन मागावे

आपल्या त्रैमासिकातील अभ्यासलेखांत आजवर कुपोषण, बालवाडी, बी-बियाणे असे विषय आले. या वेळचा विषय थोडा रुक्ष वाटेल: सरकारी दप्तर. पण पाड्यांवर काम करताना मला वारंवार दिसले आहे की आपल्या आदिवासी बंधुभगिनींचे निम्मे दुखणे दप्तरात असते आणि त्यावरचे औषधही पुष्कळदा तिथेच सापडते. रेशनकार्डातून सुनेचे नाव कसे गळले, घरकुलाच्या यादीत आपण होतो की नव्हतो, मस्टरवर किती दिवस लागले, जमिनीच्या दाव्याचे पुढे काय झाले, हे सगळे कुठे ना कुठे लिहिलेले असते. लिहिलेले असते त्यांच्याच नावाने, आणि दाखवले जात नाही ते त्यांनाच.

मंडळीतील पुष्कळ सभासद मला विचारतात, "आम्ही वर्गणी देतो, कपडे देतो, पण आणखी काय करू शकतो?" त्यांच्यातले कितीतरी जण निवृत्त शिक्षक, कारकून, बँकेतले, पोस्टातले आहेत. त्यांनी आयुष्यभर फायली हाताळल्या. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

थोडा इतिहास आधी सांगतो, कारण हा कायदा शहाण्या लोकांनी दिल्लीत बसून सुचवला असा एक समज आहे. तो तसा आला नाही. इंग्रजांनी १९२३ साली शासकीय गुपिते कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही कचेऱ्यांची सवय तीच राहिली: कागद साहेबांचा, लोकांनी फक्त अंगठा द्यायचा. १९७५ साली राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकार लोकांच्या नावाने काय करते हे जाणण्याचा लोकांना हक्क आहे. पण न्यायालयाचे म्हणणे गावच्या चावडीपर्यंत पोचायला तीस वर्षे लागली, आणि ते पोचवले राजस्थानातल्या मजुरांनी.

१९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिघे राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी गावात राहायला गेले. तिथे दुष्काळी कामांवर मजुरी पूर्ण मिळत नसे. विचारले की उत्तर ठरलेले: तुम्ही तेवढे काम केलेच नाही, मस्टरला तसे लिहिले आहे. मस्टर दाखवा म्हटले तर ते सरकारी, दाखवता येत नाही. म्हणजे ज्या कागदावरून मजुरी कापली जाई तो कागद मजुराने पाहायचा नाही! १९९० साली त्यांनी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई झाली. मिळवलेली बिले आणि मस्टर गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आले, आणि कागदावरचे काम नि प्रत्यक्षातले काम यांची गाठ लोकांसमोरच पडली. वाचता न येणारी माणसेही तो हिशेब तपासू शकली, कारण कोण कामावर होते आणि कोण नव्हते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९९६ साली ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे झाले. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही घोषणा त्याच चळवळीतली.

पुढे तामिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ मध्ये स्वतःचे कायदे केले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली आधीच्यापेक्षा भक्कम कायदा आला. नंतर सबंध देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला.

या कायद्याची रीत साधी आहे. कोणताही भारतीय नागरिक कोणत्याही सरकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही. कलम ६(२) मध्ये तसे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये, बहुतेक जण कोर्ट फी स्टँप लावतात, आणि प्रतीला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला हे शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडावी. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. आपल्या राज्याचा २०१२ पासून आणखी एक नियम आहे: एका अर्जात एकच विषय, आणि तोही दीडशे शब्दांत.

या दीडशे शब्दांच्या नियमावर पुष्कळांनी टीका केली आणि ती रास्तही आहे. ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याने शब्द मोजायचे हे विचित्रच. पण शिकवताना मला त्याचा एक फायदा झाला. माणूस नेमके काय हवे याचा विचार करू लागतो. आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. माहितीच्या अर्जात गाऱ्हाणे लिहू नये. "का" असेही विचारू नये. जो कागद हवा आहे त्याचे नाव घ्यावे आणि त्याची प्रत मागावी.

असे का, ते कायद्यातच आहे. अधिकाऱ्याने जवळ असलेला अभिलेख द्यायचा आहे. नवी माहिती तयार करण्याचे किंवा अर्थ लावून सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. त्याआधी २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हटले होते की "अमुक का केले, का केले नाही" हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. "माझ्यावर अन्याय का झाला?" असा अर्ज आला की अधिकारी निर्धास्त होतो. पण "अमुक तारखेच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रमाणित प्रत द्यावी" असे लिहिले की त्याला कपाट उघडावेच लागते.

एक उदाहरण सांगतो. गाव, तालुका सांगत नाही.

डोंगरउतारावर नाचणी-वरईचा एक तुकडा कसणाऱ्या एक मावशी आहेत. वनहक्काचा दावा त्यांच्या यजमानांनी केला होता, ते वारले. एक दिवस ग्रामसभेत कोणीतरी बोलता बोलता म्हणाले की मावशींचे नाव अपात्रांत आहे. पत्र नाही, नोटीस नाही. तालुक्याला तीनदा जाऊन आल्या, दर खेपेला एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून. "वरून तसंच आलंय, मावशी," एवढेच उत्तर. एका भल्या गृहस्थांनी त्यांना दोन पानी अर्ज लिहून दिला होता, गरीब विधवेला न्याय मिळावा म्हणून. त्यावर एक ओळीचे उत्तर आले: आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. कुठे, ते लिहिलेले नव्हते.

इथे काय पणाला लागले आहे ते नीट समजून घेऊ. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी, पण चार हेक्टरपर्यंतच, जमीन कायद्याने मान्य होते. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे आणि ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे जातो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे दावा नाकारला तर निर्णय कारणांसह दावेदाराला प्रत्यक्ष कळवला पाहिजे आणि तो कळल्यापासून साठ दिवसांत त्याला वरच्या समितीकडे दाद मागता येते. आता निर्णयच हातात पडला नाही तर दाद कशावर मागणार? आणि दाद मागितली नाही म्हणून दावा कायमचा फेटाळलेला समजला तर? ही नुसती शंका नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या कुटुंबांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो थांबवला आणि दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली का हे राज्यांना सांगायला लावले. त्या पंधरा दिवसांत पाड्यांवर जी घबराट पसरली होती ती मी पाहिली आहे. आपला दावा कोणत्या यादीत आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते ते जास्त घाबरले होते.

मावशींसाठी मग आम्ही ठरावीक नमुन्यात, म्हणजे जोडपत्र 'अ' मध्ये, अर्ज केला. मजकूर असा होता:

"प्रति, जन माहिती अधिकारी, उपविभागीय अधिकारी यांचे कार्यालय. विषय: माझे दिवंगत पती यांचा वैयक्तिक वनहक्क दावा, गाव व दावा क्रमांक पुढीलप्रमाणे. हव्या असलेल्या माहितीचे वर्णन: (१) दाव्याचा अर्ज व त्यासोबत जोडलेल्या सर्व कागदांच्या प्रती. (२) वनहक्क समितीने केलेल्या स्थळपाहणीचा पंचनामा व नकाशा. (३) या दाव्यावरील ग्रामसभेचा ठराव. (४) उपविभागीय समितीच्या ज्या बैठकीत या दाव्याचा निर्णय झाला तिच्या इतिवृत्तातील संबंधित भाग. (५) निर्णय दावेदारास कळवल्याचे पत्र व त्याची पोच. वरील सर्व प्रती प्रमाणित करून टपालाने पाठवाव्यात."

एवढेच. "कृपया", "नम्र विनंती", "गरिबांची दया यावी" यांतले काही नाही. उद्धटपणाही नाही.

सव्विसाव्या दिवशी अकरा पानांचे पाकीट आले. ग्रामसभेचा ठराव मावशींच्या बाजूचा होता. पंचनाम्यात बांध, आंब्याचे झाड आणि पडके खोपट यांची नोंद होती. उपविभागीय समितीच्या इतिवृत्तात मात्र त्यांच्या नावापुढे दोनच शब्द: "पुरावा अपुरा". पाचव्या मुद्द्यावर लिहिले होते, "अभिलेखात आढळून येत नाही." आणि पहिल्या मुद्द्याखाली जोडलेल्या कागदांत एक जुनी, घडीवर फाटत आलेली दंडाची पावती होती. मावशींच्या सासऱ्यांना वनजमिनीवर अतिक्रमण केल्याबद्दल केव्हातरी दंड झाला होता, त्याची. ज्या पावतीने सासऱ्यांना गुन्हेगार ठरवले तीच आता सुनेच्या बाजूने साक्ष देत होती, कारण कुटुंब त्या जागेवर तेव्हापासून आहे हे दुसऱ्या कशानेही इतके पक्के सिद्ध झाले नसते. पावती फाईलमध्ये होती. इतिवृत्तात तिचा उल्लेखही नव्हता.

निर्णय कळवल्याचा कागदच नाही, म्हणजे साठ दिवसांची मुदतही सुरू झालेली नाही, हा आमच्या अपिलातला पहिला मुद्दा झाला. दुसरा मुद्दा पावतीचा. दावा फेरतपासणीसाठी खाली पाठवला गेला आहे. निकाल अजून लागलेला नाही; या वर्षीही मावशींनी त्याच तुकड्यावर नाचणी लावली. (महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रासाठी २०२० पासून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडेही अपील करता येते, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.)

आपल्या वाचकांना इथे एज्राच्या पुस्तकातील पाचवा आणि सहावा अध्याय आठवेल. मंदिर बांधण्याची परवानगी कोणी दिली, असे सुभेदाराने विचारले तेव्हा यहूदी वडिलांनी कोरेश राजाच्या हुकमाचा हवाला दिला आणि दप्तरात शोध घेण्याची गोष्ट निघाली. शोध सांगितला होता बाबेलच्या दप्तरखान्यात. लेख सापडला मेद प्रांतातल्या राजवाड्यात. त्यात मंदिराची मापे होती आणि खर्च राजाच्या खजिन्यातून द्यावा असेही होते. दारयावेशाने तो पाहिला आणि काम अडवू नये असा आदेश दिला. वर्गात मी ही गोष्ट एका कलमासाठी सांगतो. कागद एका कचेरीत मागितला आणि निघाला दुसरीकडे, असे नेहमी होते. अशा वेळी "हा विषय आमच्याकडे नाही" म्हणून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे ज्या कार्यालयाकडे माहिती असेल तिकडे त्या अधिकाऱ्यानेच पाच दिवसांत अर्ज पाठवायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे. गरीब माणसाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरवण्याची जी रीत आहे तिला या एका कलमाने कायदेशीर आधार उरलेला नाही. रीत मात्र अजून आहे.

मागण्याआधी एक पाहावे: मागावे लागते का? कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली कामे, खर्च, लाभार्थी, अधिकाऱ्यांची नावे वगैरे सतरा प्रकारची माहिती आपण होऊन जाहीर करायची आहे, आणि ती स्थानिक भाषा लक्षात घेऊन लोकांपर्यंत पोचेल अशी. एखाद्या निर्णयाचा ज्याला फटका बसतो त्याला त्या निर्णयाची कारणेही द्यायची आहेत. ते याच कलमात आहे. स्थानिक भाषेचे हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. वारली, कोकणा, भिली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या माणसाला कचेरीतले मराठी परकेच असते. "सदरहू प्रकरणी उक्त दावा अमान्य" हे वाचून चांगला बारावी झालेला मुलगाही गोंधळतो.

जमिनीचे कागद तर माहिती अधिकाराच्या आधीपासून खुले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ खाली नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहता येतात. सातबारा, आठ-अ आता संगणकावर मिळतात, पण माझा आग्रह जुन्या फेरफारांवर असतो. सातबारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती त्याच्या नावावर कशी आली ते फेरफार सांगतो. १९७४ पासून आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. तेव्हा त्यानंतर अशी जमीन गेलेली दिसली तर दोन कागद मागावेत: फेरफाराची नक्कल आणि परवानगीच्या आदेशाची प्रत. दुसरा निघाला नाही तर पुढचे काम वकिलाचे.

ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग बुक, रोकड वही, नमुना ८, कामांची अंदाजपत्रके आणि मोजमापे हे सर्व मागता येते. आपले भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, सहसा वाईट नसतात. दोन-तीन गावे एका माणसाकडे असतात. आधी तोंडी विचारावे, आणि ग्रामसभेत विचारले तर फारच उत्तम. वनहक्काच्या कामात तर वनहक्क समितीने लेखी मागितल्यास अधिकाऱ्यांनी नकाशे आणि अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्यायच्या, असे त्या नियमांतच आहे. तिथे दहा रुपयांच्या स्टँपचीही गरज नाही.

पुष्कळ कागद असतील तर प्रती मागण्याऐवजी पाहायला मागावेत. निरीक्षणाचा हक्क कायद्यातच आहे आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ त्यासाठी ठरवून दिली. दोन जणांनी जावे, एकाने वाचावे, एकाने पान क्रमांक टिपावेत. ज्यांची नोकरी फायलींत गेली अशा आपल्या निवृत्त सभासदांची इथे मला आठवण होते. फाईल हातात घेताच कोणता कागद मधून काढला आहे हे त्यांना पान क्रमांकावरून कळते. ते मला दहा वर्षांत जमले नाही.

आता नकाराविषयी. कलम ८ मध्ये सूट दिलेल्या गोष्टी आहेत, देशाची सुरक्षा, चालू तपास वगैरे. आपल्या कामात सर्वांत जास्त पुढे केली जाते ती व्यक्तिगत माहितीची सूट, ८(१)(ञ). आधी त्याच कलमात व्यापक लोकहिताचा अपवाद होता आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये असे वाक्य होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने हे शब्द काढले. माझ्या मते हे नुकसान मोठे आहे. लाभार्थ्यांची यादी, मस्टरवरची नावे यांनाही "व्यक्तिगत" म्हणून झाकता येईल, आणि खोटी नावे तर तिथेच असतात. कलम ८(२) मात्र राहिले आहे: माहिती देण्यातले लोकहित न देण्यातल्या हानीपेक्षा जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अर्जात नसले तरी अपिलात हे लोकहित दोन वाक्यांत लिहावे. आणि स्वतःच्या दाव्याचे कागद मागताना अर्ज दावेदाराच्याच सहीने किंवा अंगठ्याने करावा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेण्यास मदत करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आले ते अर्धवट असेल, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील, वीस रुपयांचा स्टँप लावून. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोग दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड अधिकाऱ्याला करू शकतो. पण आयोगाकडे अपिले साचलेली आहेत आणि सुनावणीला महिनोन्महिने लागतात. म्हणून माझे सांगणे असे की पहिले अपील मन लावून लिहावे. बरेचसे कागद तिथेच सुटतात, कारण वरिष्ठांना प्रकरण आयोगापर्यंत जायला नको असते.

धोक्याविषयी बोलले पाहिजे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढली होती. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. पाड्यावरच्या अर्जाला तेवढे मोठे शत्रू सहसा नसतात, पण रेशन दुकानदार, ठेकेदार, गावातला दादा माणूस यांच्या दारात रोज जावे लागणाऱ्याने त्यांचेच हिशेब एकट्याच्या नावाने मागणे शहाणपणाचे नाही. इथे आपण दूर राहणाऱ्यांनी पुढे यावे. अर्ज कोणताही नागरिक करू शकतो, कारण सांगावे लागत नाही. पुण्यात राहणाऱ्या सभासदाने गडचिरोलीतल्या पंचायतीच्या कामांची यादी मागितली तर त्यात बेकायदा काही नाही. कामाची, खर्चाची, ठेक्याची माहिती आपल्या नावाने मागावी. दाव्याची, कार्डाची माहिती ज्याची त्याने मागावी, आपण लिहून द्यावी. आणि पाड्यावरच्या लोकांना न विचारता काहीही मागू नये. उत्तराचे पाकीट पुण्यात येईल, पण चौकशी पाड्यावर होईल.

आणखी एक गोष्ट, थोडी आपल्याच अंगणातली. सरकारी अनुदानावर मुख्यत्वे चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही या कायद्याखाली येतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शिक्षणसंस्थांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. तेव्हा अनुदान घेणाऱ्या आपल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांना कोणी पालकाने धान्याचा साठा रजिस्टर दाखवा म्हटले तर कपाळाला आठ्या घालू नयेत. मी तर म्हणतो की अनुदान नसले तरी दाखवावे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांबद्दल लिहिताना सगळे त्यांच्या घोषणेबद्दल लिहितात. मला त्यांचे अभ्यासगट अधिक महत्त्वाचे वाटतात. आधी गोलात बसून विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे. आम्हीही आमच्या भागात अमावस्येच्या आसपास, कामे थोडी कमी असताना, तसे बसू लागलो आहोत. आलेले पाकीट आम्ही बसल्यावर सर्वांसमोरच फोडतो. एक जण मराठीत वाचतो, दुसरा त्यांच्या बोलीत सांगतो. मागच्या खेपेला कामांच्या यादीत एक सिमेंट बंधारा निघाला. वाचणारा पुढच्या ओळीवर गेला तेव्हा एका आजोबांनी त्याला थांबवले आणि म्हणाले, "त्यो कंच्या ओहोळावर, ते परत वाच."